साठ जणांचा खाऊ

मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला तेव्हा बाबांचे चष्मे आई पुसत होती. तीन चष्मे होते. ते कुणाला द्यायचे की ठेवून द्यायचे हे ठरत नव्हतं, म्हणून ती रोज पुसत होती.

"तू नुसती येऊन बस," बाई मला म्हणाल्या. "बोलायचं काही नाही. सरांच्या घरचं कुणी समोर असलं तर मुलांना धीर येईल. आणि खरं सांगू, खजिनदारांची जीभ जरा आवरेल."

बाबा नववीला गणित शिकवत. शाळेचं वार्षिक नाटक नववीचा वर्ग बसवत असे, आणि त्याचा खर्च, तिकिटाची किंमत, सगळं बाबांच्या बीजगणिताच्या तासाला ठरे. पुस्तकातल्या टाक्या भरायच्या आणि रिकाम्या करायच्या गणितांवर त्यांचा राग होता. "ज्या टाकीत पाणीच नाही, तिचं उत्तर चुकलं काय नि बरोबर आलं काय," ते म्हणत. "सभागृहाचं भाडं चुकलं की कसं टोचतं ते बघा." वर्गाने किंमत काढायची, पालक समितीपुढे मांडायची, समितीने तपासून होकार द्यायचा, अशी रीत होती. या वर्षी फळ्यावर समीकरण मांडून झालं, पण बैठक व्हायच्या आत बाबा गेले. शाळेतून आले, चहा मागितला, आणि तो उकळायच्या आत.

समितीचे खजिनदार लाकडाच्या वखारीचे मालक होते. त्यांनी यंदा एक ठेकेदार शोधून आणला होता. तिकीट सत्तर, खाऊसकट. जादूगार त्यांचा, गाणारे त्यांचे, पडदे त्यांचे. मुलांना मध्ये दहा मिनिटं. मुलांच्या नाटकाची तालीम टर्म सुरू झाल्यापासून चालली होती. शेवटी समितीने ठराव केला: मुलांचं तिकीट पंच्याहत्तरच्या वर जाता कामा नये आणि हिशेबात तूट दिसता कामा नये. दोन्ही जमलं तर नाटक मुलांचं. नाही तर ठेकेदार.

"जाऊन येते," मी आईला म्हटलं.

"जा. रडू नकोस तिथे."

"नाही."

"आणि पोरांनाही रडवू नकोस."

मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बाबांच्या निधनाची चार ओळींची बातमी छापायला गेली तेव्हा तीही मीच तपासली होती. त्यांचं वय एका वर्षाने जास्त पडलं होतं, ते कमी केलं. गणिताशी मात्र माझं कधी जमलं नाही. बाबांनी ते फार लवकर ओळखलं आणि मला माझ्या पुस्तकांत राहू दिलं.

बैठक नववीच्याच वर्गात होती. मी लवकर पोचले. मुलं बाक सरकवून पालकांसाठी जागा करत होती. फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर बाबांचं अक्षर होतं. तो भाग कुणी पुसला नव्हता. बाकीच्या शिक्षकांनी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर भागवून घेतलं होतं, त्यामुळे तिकडे नद्या, राजे आणि व्याकरण एकमेकांच्या अंगावर चढले होते.

"ताई, तुम्ही इथे बसा. पंख्याखाली." ही एक बारकी मुलगी होती. समितीपुढे तीच बोलणार होती. वर्ग तिला खारूताई म्हणत असे, कारण ती उभी असली तरी स्थिर नसे. तिच्या शेजारी भुवया आवळून एक मुलगा कागद लावत होता. तो पंतोजी. "तिला मध्ये अडवू नका," तो मला म्हणाला. "एकदा अडली की पहिल्यापासून सुरू करते."

"मी काही बोलणारच नाहीये."

"बरं आहे," तो म्हणाला.

पंख्याखाली बसून मी फळा वाचला. वाचणं मला थांबवता येत नाही.

सभागृह नऊ हजार. दिवे आणि ध्वनी साडेचार हजार. कपडे, पडदे, सामान दोन हजार सातशे. बेरीज सोळा हजार दोनशे. खुर्च्या तीनशे साठ. त्यांतल्या साठ नाटकातल्या, समूहगीतातल्या आणि पडद्यामागच्या मुलांसाठी, बिनतिकिटाच्या. म्हणजे तिकीट काढणारे तीनशे. मध्यंतरात प्रत्येकाला एक बन आणि एक पेला सरबत, माणशी अठरा. आणि खाली, बाबांचा तो पोट सुटलेला क्ष:

३०० क्ष = १६,२०० + १८ × ३००

३०० क्ष = २१,६००

क्ष = ७२

तिकीट बहात्तर. पंच्याहत्तरच्या आत. मला बरं वाटलं. मग माझी नजर सवयीने परत वर गेली. एकाच पानावर एक आकडा दोन ठिकाणी दोन अर्थांनी आला की मी थांबते. तिकीट काढणारे तीनशे. खाणारेही तीनशे. साठ मुलांच्या हातात बन कुठून येणार होता?

मी पुन्हा वाचलं. खिडकीतून खाली पाहिलं. खजिनदारांची मोटार फाटकातून आत येत होती.

"अगं," मी खारूताईला जवळ बोलावलं. "ते शेवटचे तीनशे..."

ती एकदम स्थिर झाली. तिच्या मागे बाक सरकवायचा आवाज थांबला. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं मी काहीतरी अमंगळ बोलले.

"आम्हाला माहीत आहे, ताई," ती हळूच म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तिथे तीनशे साठ पाहिजे."

"मग?"

तिने पंतोजीकडे पाहिलं. पंतोजीने कागद खाली ठेवले. "ते शुक्रवारी सांगायचं असतं," तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं, एखादा नियम लहान मुलाला समजावून सांगावा तसं. सर दर आठवड्याला फळ्यावर एक चूक मुद्दाम ठेवत. सापडली तरी तोंड उघडायचं नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला सर हात मागे बांधून विचारत, चोर कुठे लपलाय? त्याआधी जो बोलेल तो बाकीच्यांची मजा घालवतो, आणि सर दिवसभर त्याच्याशी बोलत नाहीत. हा खेळ मला लहानपणापासून ठाऊक होता, पण मी तसं म्हटलं नाही. हे समीकरण सरांनी त्या आठवड्याच्या मधल्या दिवशी मांडलं. शुक्रवारी सर नव्हते.

"म्हणून तुम्ही कुणालाच सांगितलं नाही?"

"विचारलं नाही ना कुणी," खारूताई म्हणाली. मग जमिनीकडे बघून, "सरांनी."

"पण तुम्ही सोडवून तर पाहिलं असेल. खरं उत्तर काय येतं?"

"पंच्याहत्तर पूर्णांक सहा दशांश."

पंच्याहत्तरच्या वर.

"त्याचं पुढे काय करायचं ते सरांनी ठरवलेलं असणार," पंतोजी म्हणाला. "ते मुद्दाम चूक ठेवायचे म्हणजे पुढचंही ठरलेलं असायचं. आम्ही थांबलो. नंतर ही बैठक आली."

"आणि आता समितीने पकडलं तर?"

"तर सांगणार. सरांनी मुद्दाम ठेवलीये म्हणून. तुम्ही नका विचारू, ताई. ते सरच विचारायचे."

मी काही बोलायच्या आत दारातून बाईंचा आवाज आला: "या, या, बसून घ्या." समिती आत आली.

मोठी माणसं मुलांच्या बाकांवर बसली की न्यायालयासारखी दिसत नाहीत, पण त्यांचा धाक कमी होत नाही. खजिनदारांचे गुडघे बाकाला टेकत होते. त्यांनी मांडी तिरकी केली, खिशातून पेन काढलं आणि समोर कोरा कागद ठेवला. बेकरीवाले काका बाकात मावेनात म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर बसले. अठराचा भाव त्यांनीच दिला होता. बाई टेबलाशी उभ्या राहिल्या. बाबांची खुर्ची सगळ्यांनी टाळली.

खारूताईने एका दमात सगळं मांडलं. कुणी अडवलं नाही. बहात्तरवर येऊन ती थांबली तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. खजिनदारांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण बसवलं.

"छान बोललीस. एवढंच सांग बाळ, तुमचे कलाकार उपाशी नाचणार का?"

खारूताई फळ्याकडे वळली, पण खजिनदार थांबले नाहीत.

"साठ जणांचा खाऊ कुठे धरलाय? मला दिसत नाही. चष्मा बदलायला झालाय का माझा? साठ गुणिले अठरा, एक हजार ऐंशी. एवढी तूट. ती कुणी भरायची? गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये म्हणतात, पण..."

"मग नका बोलू," बाई म्हणाल्या.

"बाई, मी आकड्यांबद्दल बोलतोय. सरांचा मान आहेच."

पंतोजी उभा राहिला. त्याचा आवाज फुटला. "ती चूक सरांनी मुद्दाम ठेवलेली आहे."

"मुद्दाम?"

"हो. ते ठेवायचे."

खजिनदार हसले नाहीत, आणि तेच वाईट होतं. "म्हणजे समितीपुढे यायचा हिशेब सरांनी जाणूनबुजून खोटा मांडला? थट्टा म्हणून? हे तुम्ही बोलताय, मी नाही." ते बाकीच्यांकडे वळले. "ज्यांच्या भरवशावर आपण इतकी वर्षं डोळे मिटून सह्या केल्या..."

झाकायला जावं आणि तेच उघडं पडावं तसं झालं. खारूताई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, आणि मग ती मोठ्याने म्हणाली, "आम्ही खाणार नाही."

"काय?"

"आम्ही साठजण. आम्ही मध्यंतरात खाणार नाही. मग खाणारे तीनशेच राहतात. मग सरांचं समीकरण बरोबर आहे. क्ष बहात्तर."

वर्गात एक कुजबुज उठली आणि लगेच तिचा निश्चय झाला. एक हात वर गेला, दुसरा गेला, मग सगळेच. न विचारताच. मागच्या बाकावरच्या एका गुबगुबीत मुलाचा हात अर्धाच वर होता. शेजारणीने कोपराला धरून तो पुरा केला.

खजिनदारांनी हात पाहिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना हिशेब जुळायला हवा होता, आणि तो समोर जुळत होता. "असं असेल तर माझी हरकत नाही," ते म्हणाले. "मुलांचीच इच्छा आहे."

"तीन तास रंग लावून दिव्यांखाली..." बाईंनी सुरुवात केली आणि थांबल्या. त्यांना नाटक हवं होतं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "मुलं तयार असतील तर मग..."

मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्याचसाठी बोलावलं होतं मला. नाटक झालं असतं. बाबा कागदावर कायमचे बरोबर राहिले असते. साठ मुलांनी मध्यंतरात पडद्यामागे बसून, बाहेरच्या तीनशे जणांचं चावणं ऐकत, त्यांना बरोबर ठेवलं असतं. मुलांना ते आवडलंही असतं, ही त्यातली सगळ्यात भीतीची गोष्ट होती.

मी उभी राहिले.

"बाबा चुकले," मी म्हटलं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. पंतोजी माझ्याकडे असा पाहायला लागला की मी दुसरीकडे बघितलं.

"ही चूक मुद्दामची नाही. थट्टा नाही, परीक्षाही नाही. साठ जणांचा खाऊ धरायचा ते विसरले."

"तुम्हाला काय माहीत?" मागून कुणीतरी म्हणालं.

"लहानपणी मलाही त्यांनी हीच गणितं घातलीत. आमच्या घरीही चोर असायचा, आणि तोही शुक्रवारीच धरायचा असायचा." माझा आवाज ठीक होता. मी तो ठीक ठेवत होते. "मला सांगा, सरांनी मुद्दाम चुकवलेल्या गणिताचं उत्तर काय यायचं?"

मग खारूताई अडखळत म्हणाली, "साडेसात शिक्षक."

"पावणेतीन शेळ्या," दुसरं कुणी म्हणालं.

"उणे चार वर्षांचा मुलगा!" हा मघाचा अर्धा हात वर केलेला मुलगा. कुणीतरी हसलं आणि दचकून थांबलं.

"नेहमी वेडंवाकडं," मी म्हटलं. "तुम्हाला संशय यावा म्हणून. गुळगुळीत उत्तराखाली त्यांनी कधी चोर लपवला होता?"

पंतोजी फळ्याकडे वळला. "बहात्तर," तो म्हणाला. "पूर्ण."

"हो."

"म्हणजे त्यांना हे बरोबरच वाटलं होतं."

"हो," मी म्हटलं. मग मी बसले.

खजिनदार खाकरले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला बोलायला जड गेलं असेल. पण मग ठरावाप्रमाणे मुलांची योजना..."

"मुलांना दुरुस्त करू द्या," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता शाळेतला झाला होता.

"केव्हा? ठेकेदार आज उत्तर मागतोय."

"आत्ता. तुमच्यासमोर. तुम्हाला घाई आहे का?"

"मला कसली घाई," खजिनदार म्हणाले आणि टोपण पुन्हा काढलं.

खारूताईने डस्टर उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने फक्त एक तीनशे पुसला आणि त्या जागी तीनशे साठ लिहिलं. तिचं अक्षर बाबांच्या शेजारी फार बारीक दिसत होतं. उजवी बाजू बावीस हजार सहाशे ऐंशी. क्ष, पंच्याहत्तर पूर्णांक सहा दशांश.

"मर्यादा पंच्याहत्तर," खजिनदार म्हणाले. "मी लिहिलेला ठराव आहे, मीच कसा मोडू?"

खडू तिच्या हातात तसाच राहिला. तिला पुढचं येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. ज्या वर्गात माझं बोलणं इतकं लागलं होतं तिथे मी आता निव्वळ एक पाहुणी होते. कुणीतरी कपडे कमी करा म्हणालं. कपडे शिवून झाले होते. सभागृहाला आगाऊ रक्कम गेली होती. दिवेवाला एक पैसा सोडणारा नव्हता, हे त्याच्या पोरानेच उठून सांगितलं. खिडकीबाहेर मोटारीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात टेकवून बसला असावा. एक बारीक आवाज आला. खजिनदारांनी घड्याळ बघितलं.

"क्ष आपल्या हातात नाही," पंतोजी म्हणाला. तो स्वतःशीच बोलत होता. "हातात नाही म्हणजे तो अज्ञात नाहीच. तो ठरलाय. पंच्याहत्तर."

"मग अज्ञात काय?" खारूताई.

"ज्याच्याशी अजून बोलता येतं ते." त्याने फळ्यावर बोट ठेवलं. अठरावर.

सगळा वर्ग खिडकीकडे वळला.

"माझ्याकडे असे बघू नका रे," बेकरीवाले काका म्हणाले. "अठरा म्हणजे मी आधीच घासून सांगितलेला भाव आहे. विचारा यांना."

खारूताई तोवर लिहीत सुटली होती. तीनशे गुणिले पंच्याहत्तर, बावीस हजार पाचशे. त्यातून सोळा हजार दोनशे गेले, सहा हजार तीनशे. तीनशे साठ य बरोबर सहा हजार तीनशे. तिने भागाकार बाजूला केला, पुसला, पुन्हा केला.

"साडेसतरा," ती म्हणाली. "काका, फक्त अर्धा."

"फक्त अर्धा! लहान होतीस तेव्हा बरी होतीस. अर्धा माणशी, गुणिले तीनशे साठ, कर बघू."

"एकशे ऐंशी."

"मग? ते काय पिठातून वर येतात?"

"धंदा आहे त्यांचा," खजिनदार म्हणाले. "भिडेखातर कुणी भाव पाडू नये. मी तर म्हणेन..."

"तुम्ही थांबा हो जरा," काका म्हणाले. त्यांनी कपाळ पुसलं. "आमची बोलणी चाललीयेत." ते पंतोजीकडे वळले. "बनावर साखरेचे दाणे असतात, ते जातील."

"चालेल," पंतोजी म्हणाला.

"तुला चालेल. तुझ्या साठांना?"

"चालेल!" वर्ग म्हणाला.

"आणि दुसरी गोष्ट. साडेसतरा हा भाव तीनशे साठांचा. पुरी खेप. उद्या कुणी हळवा होऊन म्हणाला, आम्ही खात नाही, तीनशेच द्या, तर मी अठरा लावणार. माझ्या भट्टीला तीनशे परवडत नाहीत." काकांनी बोट नाचवलं. "खायचं सगळ्यांनी. आधी पोटोबा. लेखी द्या."

बाईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं.

खजिनदारांनी सगळं पुन्हा आपल्या कागदावर मांडलं. वरून खाली केलं, मग खालून वर. डावी बाजू बावीस हजार पाचशे. उजवी बाजू बावीस हजार पाचशे.

"शिल्लक?" त्यांनी विचारलं.

"शून्य," खारूताई म्हणाली.

"शून्य शिल्लक मला पसंत नाही. एक दिवा फुटला तर?"

"ठरावात शिल्लक हवी असं लिहिलंय का?" बाई म्हणाल्या.

खजिनदारांनी ठरावाचा कागद काढून वाचला. त्यांनी तो दोनदा वाचला, वखारीत फळीची जाडी दोन्ही टोकांनी मोजतात तसा. "नाही," ते शेवटी म्हणाले. "तूट नसावी, एवढंच आहे. माझंच अक्षर." आणि त्यांनी सही केली. मग फळ्याकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "दिवा फुटला तर मला सांगा. समितीला नको."

नंतर मुलं ओरडायला लागली, बाक वाजवायला लागली, बाई गप्प करायचं नाटक करत राहिल्या. मी बाहेर आले. जिन्याशी पंतोजी उभा होता. तो ओरडत नव्हता.

"तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "बैठकीच्या आधी. त्यांच्यासमोर नाही."

"वेळ नव्हता रे."

"होता. थोडा होता."

"हो," मी म्हटलं. "थोडा होता. मला धीर झाला नाही."

त्याने यावर विचार केला. त्याच्या भुवया सुटल्या नाहीत. "नाटकाला येणार?"

"येईन."

"तिकीट काढावं लागेल. फुकटच्या साठांत तुम्ही बसत नाही."

"माहीत आहे. आई धरून दोन."

"दीडशे," तो म्हणाला आणि आत गेला.

घरी आई स्वयंपाकघरात होती. चष्मे कुठेतरी ठेवून झाले होते. ती भाजी चिरत होती आणि तिने वळून न बघता विचारलं, "मग? मिळालं का पोरांना नाटक?"

"मिळालं. तिकीट पंच्याहत्तर."

विळीवरचा हात थांबला. "बहात्तर ना?"

मी ओट्याला टेकले. "तुला कुणी सांगितलं?"

"यांनीच. आले, पिशवी ठेवली, म्हणाले, चहा टाक. म्हणाले, यंदा काय सुरेख आलंय बघ, बहात्तर, पूर्ण, ना इकडे काही ना तिकडे. मी आधण ठेवत होते. मी म्हटलं, बरं." तिने चिरलेली भाजी बाजूला सारली. "तेवढंच म्हणाले."

दोन तासांपूर्वी भरल्या वर्गात जे मी म्हणू शकले होते, ते इथे माझ्या तोंडातून येईना. आईने विळी आडवी केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिला माझा चेहरा वाचायची सवय आहे. माझ्या मुद्रितांपेक्षा जुनी.

"चुकलं होतं का?"

"हो. नाटकातल्या मुलांचा खाऊ धरायचा राहिला होता. साठ जणांचा."

"कुणी काढली चूक? त्या वखारवाल्याने?"

"मुलांनी. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं."

तिने मान हलवली, बऱ्याच वेळा, हळूहळू. मला वाटलं आता तिला रडू येईल, आणि मी काय करायचं ते ठरवायला लागले. पण ती म्हणाली, "यांना कळलं असतं तर रात्रभर झोपले नसते. मलाही झोपू दिलं नसतं. दिवा लावून बसले असते."

"हो."

"खूष होते पण."

"हो का?"

"फार." तिने विळी उभी केली, एक वांगं घेतलं, आणि पुन्हा थांबली. "आणि आता? ती पोरं? खातील ना मध्यंतरात काही?"

"खातील," मी म्हटलं. "सगळी. बेकरीवाल्याने लेखी घेतलंय."